बालरूपाची उत्तरपूजा

दूरदर्शनचे घरोघरी वर्चस्व होते त्या काळात, म्हणजे १९८० च्या दशकाच्या मध्यापासून पुढची सुमारे दहा वर्षे, काही शाळकरी मुलांचे चेहरे देशभर ओळखीचे झाले. ‘मालगुडी डेज’मधला स्वामी झालेला मास्टर मंजुनाथ, ‘उत्तर रामायण’मधले लव आणि कुश झालेले मयूरेश क्षेत्रमाडे व स्वप्नील जोशी, मराठीपुरते पाहायचे तर ना. धों. ताम्हनकरांच्या ‘गोट्या’ला पडद्यावर देह देणारा जॉय घाणेकर. बहुतेकांसाठी वाहिनी एकच होती, वेळ ठरलेली होती आणि बहुतेक घरांत संचही एकच होता. त्यामुळे एका मुलाचा चेहरा एकाच क्षणी कोट्यवधी लोकांच्या मनात उतरत असे. ती मुले पुढे मोठी झाली, पण पडद्यावरची त्यांची रूपे तेवढ्याच वयाची राहिली. इथून एक प्रश्न उभा राहतो आणि तो मनोरंजनाच्या इतिहासापेक्षा धर्मविचाराच्या अधिक जवळचा आहे. पडद्यावरचे ते मूल आणि आज आपल्यात वावरणारा माणूस एकच आहेत का? आणि त्या मुलाला लोकांनी दिलेले प्रेम, काही वेळा तर भक्ती, नेमकी कोणाला पोहोचली?

या मुलांपैकी स्वामीचे उदाहरण त्यातल्या त्यात सरळ आहे. आर. के. नारायण यांच्या कथांवरची ही मालिका शंकर नाग यांनी दिग्दर्शित केली. काही मराठी प्रेक्षक त्यांना ‘२२ जून १८९७’ या चित्रपटामुळे आधीपासून ओळखत होते. चित्रीकरण कर्नाटकातल्या आगुंबे या पावसाळी गावात झाले, शीर्षकाची रेखाचित्रे आर. के. लक्ष्मण यांची होती आणि स्वामीच्या कडक वडिलांची भूमिका गिरीश कार्नाडांनी केली. मंजुनाथने पुढे ‘अग्निपथ’मध्ये (१९९०) मांडव्याच्या विजय दीनानाथ चव्हाणचे बालपणही उभे केले. त्यानंतर त्याने अभिनय सोडला, शिक्षण पूर्ण केले आणि बंगळुरात नोकरी धरली. स्वामीवर लोकांनी माया केली ती शेजारच्या मुलावर करावी तशी. त्या मायेत पूजा नव्हती, म्हणून मंजुनाथला तिच्यातून बाहेर पडणेही तुलनेने सोपे गेले असावे.

लव आणि कुश यांच्या बाबतीत गोष्ट निराळी होती. रामानंद सागर यांचे ‘रामायण’ २५ जानेवारी १९८७ रोजी सुरू झाले आणि ३१ जुलै १९८८ रोजी संपले. रविवारी सकाळी ते लागायच्या आधी अनेक घरांत आंघोळी उरकल्या जात, संचाला हार घातला जाई, उदबत्ती लावली जाई. या मालिकेत मूळ योजनेप्रमाणे उत्तरकांड नव्हते. तेव्हा वाल्मीकींना आपले आदिगुरू मानणाऱ्या समाजातल्या सफाई कामगारांनी जालंधरमध्ये संप केला आणि इतर शहरांतूनही तशीच मागणी झाली. वाल्मीकींच्या आश्रमात वाढलेल्या मुलांची कथा वगळली तर वाल्मीकीच अर्धे वगळले जातात, अशी त्यामागची भावना होती. १९८८ च्या उत्तरार्धात ‘उत्तर रामायण’ सुरू झाले त्यात या आग्रहाचा मोठा वाटा होता. भारतीय दूरचित्रवाणीवरच्या दोन सर्वांत गाजलेल्या बालभूमिका अशा रीतीने एका कष्टकरी समाजाच्या धर्मभावनेतून जन्माला आल्या. ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. ती सांगायला हवी, कारण प्रेक्षकांची श्रद्धा आयती तयार होती आणि पडद्याने ती केवळ वापरली, या समजुतीला तिच्यामुळे छेद जातो. इथे श्रद्धेनेच पडद्याकडून काही मागून घेतले होते.

लव आणि कुश यांची मूळ कथाही बालकलाकारांचीच आहे. वाल्मीकींनी रचलेले रामायण ही दोन मुले पाठ करतात आणि वीणेच्या साथीने गातात. उत्तरकांडात अश्वमेधाच्या प्रसंगी ती रामासमोर गायला जातात, तेव्हा वाल्मीकी त्यांना आधीच दोन गोष्टी बजावून ठेवतात. दिवसाला वीस सर्ग गायचे, आणि धनाचा लोभ जराही धरायचा नाही. गाणे ऐकून राम त्यांना प्रत्येकी अठरा हजार सुवर्णमुद्रा देऊ करतो. मुले त्या नाकारतात. वनात राहून कंदमुळे खाणाऱ्यांना सोन्याचा काय उपयोग, असे त्यांचे उत्तर आहे. सभेतले लोक त्यांच्याकडे पाहतात, त्यांना त्या चेहऱ्यांत राम दिसतो, आणि हळूहळू ती रामाची मुले असल्याचे उघड होते. एका बालकलाकाराच्या आयुष्यात येणारे जवळजवळ सगळे प्रश्न या प्रसंगात आहेत. कामाला मर्यादा आहे, मोबदल्याचा पेच आहे, लोकांच्या नजरेत एका चेहऱ्याचे दुसऱ्याच चेहऱ्याशी जुळणे आहे. मुलांना कामावर पाठवणारा आणि त्यांच्या वतीने अटी ठरवणारा वडीलधारा माणूसही आहे. वाल्मीकींचा विशेष असा की मुलांच्या कलेतून त्यांनी स्वतःसाठी काही घेतले नाही आणि मुलांनाही कोणाच्या ऋणात पडू दिले नाही. सुवर्णमुद्रा नाकारल्या गेल्यामुळे रामसभेचा त्या मुलांवर काही हक्क उरला नाही. पुढे पित्याशी नाते जुळले ते रक्ताचे होते, ऐकवलेल्या गाण्याच्या बदल्यात मिळालेले नव्हते.

नट आणि भूमिका यांचे नाते काय, यावर भारतीय काव्यशास्त्रात फार बारीक विचार झाला आहे. अभिनवगुप्ताने दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमारास लिहिलेल्या नाट्यशास्त्राच्या टीकेत शंकुक नावाच्या आधीच्या आचार्याचे मत दिले आहे. प्रेक्षक रंगमंचावरच्या रामाकडे पाहतो तेव्हा त्याला ‘हा रामच आहे’ असे वाटत नाही, ‘हा राम नाही’ असेही वाटत नाही, ‘हा राम असेल की नसेल’ असा संशय नसतो आणि ‘हा रामासारखा आहे’ अशी तुलनाही नसते. चित्रातल्या घोड्याला पाहून माणूस जसा घोडाच म्हणतो, तशी ती एक पाचवी, वेगळी प्रतीती असते. अभिनवगुप्ताला हे पूर्ण मान्य नव्हते, पण त्याचे स्वतःचे म्हणणे या प्रश्नाला अधिक उपयोगाचे आहे. मुकुट, वेष, रंगभूषा यांच्याखाली नटाचे स्वतःचे वय, घर, दिवस, सुखदुःख झाकले जाते. त्याच वेळी प्रेक्षकाचेही स्वतःपण बाजूला सरते आणि जो भाव अनुभवाला येतो तो कोणा एकाचा राहत नाही, सर्वांचा होतो. या विचाराचा अर्थ सरळ आहे. पडद्यावरच्या कुशाला पाहून दाटून आलेले वात्सल्य कुशाविषयीचे होते, किंवा बालपण या गोष्टीविषयीचेच होते. ती भूमिका करणाऱ्या, गिरगावात वाढलेल्या शाळकरी मुलापर्यंत ते पोहोचण्याची व्यवस्था नाट्यात मुळात नसते.

तरीही लोकांनी ते त्या मुलाच्याच पदरात टाकले. हे चुकीचे होते असे सरसकट म्हणता येणार नाही, कारण भारतीय परंपरेत मुलाला देवाचे रूप देऊन त्याची पूजा करण्याच्या रीती जुन्या आहेत. काशीसमोर गंगेच्या पैलतीरावर रामनगरची रामलीला होते. ती सुमारे महिनाभर चालते आणि अनंत चतुर्दशीला सुरू होते, म्हणजे महाराष्ट्रात गणपतींचे विसर्जन ज्या दिवशी होते त्याच दिवशी. राम, सीता, लक्ष्मण, भरत आणि शत्रुघ्न यांच्यासाठी आवाज फुटण्याआधीच्या वयाचे मुलगे निवडले जातात. मुकुट चढला की ती मुले देव. मग त्यांचे पाय जमिनीला लागू देत नाहीत, त्यांना खांद्यावरून नेतात, काशीनरेशही त्यांच्यापुढे हात जोडून उभा राहतो आणि रोज रात्री आरती होते. मात्र मुकुट उतरवण्याचीही रीत आहे आणि लीला संपल्यावर निरोपाचा वेगळा सोहळा आहे. नरेश त्या मुलांना किल्ल्यात बोलावतो, पाय धुतो, जेवू घालतो, दक्षिणा देतो आणि घरी पाठवतो. पुढे त्यांचे आवाज फुटतात, दुसरी मुले निवडली जातात आणि जुने राम-लक्ष्मण गावात शिकायला, शेती करायला, पौरोहित्य करायला मोकळे होतात. लोक त्यांना ओळखतात, मानही देतात, पण वयाच्या तिशीत त्यांनी तोच कोवळा राम व्हावे असे कोणी म्हणत नाही. दरवर्षी नवा राम येतो, म्हणूनच जुन्याला माणूस होता येते.

नेपाळातली कुमारीची प्रथा याहून कठोर आहे. शाक्य कुळातली लहान मुलगी देवी म्हणून निवडली जाते, काठमांडूच्या कुमारी घरात राहते आणि तिचेही पाय जमिनीला लागू दिले जात नाहीत. पहिली ऋतुप्राप्ती झाली की तिचे देवीपण संपते आणि ती आईवडिलांकडे परत जाते. माजी कुमारीला सरकारी निवृत्तिवेतन मिळते. २००८ मध्ये नेपाळच्या सर्वोच्च न्यायालयाने कुमारीला शिक्षणासह मुलांचे सगळे हक्क असल्याचे स्पष्ट केले. या प्रथेवर टीका झाली आणि ती योग्यच होती. एका मुलीचे बालपण वर्षानुवर्षे घरच्यांपासून दूर ठेवणे कोणत्याही देवीच्या नावाने समर्थनीय ठरत नाही. पण या प्रथेनेसुद्धा देवीपणाला शेवट ठेवला आहे. तो शेवट शरीर ठरवते, भक्तांची आवड ठरवत नाही.

महाराष्ट्रातल्या घराघरांत हा विचार विधीच्या रूपाने जिवंत आहे. पार्थिव गणपती आणला की आधी प्राणप्रतिष्ठा होते, मग पूजा. उठवण्याच्या दिवशी उत्तरपूजा होते, अक्षता वाहून मूर्ती जागेवरून किंचित हलवली जाते आणि त्यानंतरच ती पाण्यात जाते. उत्तरपूजा झालेल्या मूर्तीला कोणी नवस बोलत नाही. देवळातल्या स्थिर मूर्तीचे किंवा शाळिग्रामाचे तसे नाही. तिथे रोजचे आवाहन नाही आणि विसर्जनही नाही, कारण देव तिथे कायमचा आहे असे मानले आहे. शास्त्रकारांनी हा भेद नुसत्या सोयीसाठी केलेला नाही. जे मातीचे आहे, टिकणारे नाही, त्याच्यावर देवत्व कायमचे लादू नये, एवढा विवेक त्यात आहे. माणसाचे शरीर मातीच्या मूर्तीहूनही अस्थिर आहे. मूर्ती निदान दहा दिवस तशीच राहते, मुलाचा चेहरा मात्र एका वर्षात बदलतो.

दूरचित्रवाणीने हा भेद पुसला. तिने मुलांत देव बोलावला आणि त्याला निरोप देण्याची कोणतीही रीत ठेवली नाही. याला निर्माते किंवा दिग्दर्शक यांचा दुष्टपणा म्हणता येणार नाही. यंत्राचा स्वभावच तसा आहे. रामनगरच्या लीलेत मुलाचे रूप त्या संध्याकाळपुरते असते, चित्रफितीवर ते धरून ठेवले जाते. त्यात भूमिकेचा स्वभाव मिसळला की पेच आणखी वाढतो. वैष्णव भक्तीत बाळकृष्ण हा नित्य बाळच आहे. मथुरेला जाऊन राजकारण करणारा, द्वारकेत राज्य करणारा कृष्ण वेगळा आणि गोकुळातला रांगणारा, खोड्या करणारा कृष्ण वेगळा. दोघेही एकाच वेळी खरे आहेत. देवाला असे दोन काळांत एकदम राहता येते, माणसाला ते जमत नाही. १९९३ मध्ये सुरू झालेल्या ‘श्रीकृष्ण’ मालिकेत किशोर कृष्ण स्वप्नील जोशी होता आणि प्रौढ कृष्ण सर्वदमन बॅनर्जी. कथेत कृष्ण मोठा होताच नट बदलला, हे पडद्यावर सहज झाले. पण पहिला नटही मोठा होतच होता आणि त्याच्यासाठी कोणी दुसरा चेहरा आणून ठेवला नव्हता.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागल्यावर दूरदर्शनने ‘रामायण’ पुन्हा दाखवायला सुरुवात केली. पाठोपाठ ‘उत्तर रामायण’ आणि ‘श्रीकृष्ण’ही आले. तोवर स्वप्नील जोशी चाळिशी ओलांडलेला, ‘मुंबई-पुणे-मुंबई’ आणि ‘दुनियादारी’सारख्या चित्रपटांमुळे मराठीत स्वतःचे स्थान मिळवलेला नट होता. मयूरेश क्षेत्रमाडे अभिनय सोडून अमेरिकेत उद्योगक्षेत्रात गेले होते. पडद्यावर मात्र दोघे पुन्हा वाल्मीकींच्या आश्रमात रामकथा गात होते, आणि ज्यांचा जन्मही तेव्हा झाला नव्हता अशी मुले ते पाहत होती. उत्तरपूजा झालीच नव्हती, त्यामुळे तीस वर्षांनी मूर्ती पुन्हा मांडायला कोणालाच अडचण आली नाही. या दोघांनी आपल्या आठवणी मोकळेपणाने, आनंदाने सांगितल्या आणि त्यांचे आयुष्य चांगले गेले, ही समाधानाची गोष्ट आहे. पण एखाद्या रीतीची परीक्षा तिच्यातून सुखरूप पार पडलेल्यांवरून करता येत नाही.

मोठ्या नटांशी तुलना केली की मुलांची बाजू अधिक स्पष्ट होते. सीता झालेल्या दीपिका चिखलिया १९९१ मध्ये बडोद्यातून लोकसभेवर निवडून आल्या. बी. आर. चोप्रांच्या ‘महाभारत’मधले कृष्ण नितीश भारद्वाज १९९६ मध्ये जमशेदपूरमधून निवडून आले, आणि राम झालेले अरुण गोविल २०२४ मध्ये मेरठमधून. लोकांची भक्ती त्यांनी स्वीकारली, तिचा उपयोग केला, तिची किंमतही मोजली. त्यात बरेवाईट जे असेल ते त्यांच्या निर्णयाचे होते. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला असा निर्णय घेता येत नाही. भारतीय करार कायदा, १८७२, अज्ञान व्यक्तीला करार करण्यास पात्र मानत नाही आणि १९०३ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने मोहोरी बीबी खटल्यात अशा व्यक्तीचा करार मुळातच रद्दबातल ठरवला. म्हणजे कागदावर सही आईवडिलांची असते, आणि चेहरा मात्र मुलाचा जातो. आईवडील प्रेमळ असतील, बहुतेक असतातच, तरी त्यांनी दुसऱ्याच्या वतीने दिलेली संमती मुलाच्या पुढच्या पन्नास वर्षांना बांधते का, हा प्रश्न उरतोच.

अमेरिकेत हा प्रश्न आधी पैशाच्या रूपात समोर आला. चार्ली चॅप्लिनच्या ‘द किड’मध्ये (१९२१) काम केलेल्या जॅकी कूगनने लाखो डॉलर कमावले आणि सज्ञान झाल्यावर त्यातले जवळजवळ काहीच शिल्लक नसल्याचे त्याला कळले. १९३८ मध्ये त्याने आई आणि सावत्र वडिलांवर दावा लावला. त्याच्या हाती फार थोडे आले, पण पुढच्या वर्षी कॅलिफोर्नियाने बालकलाकारांच्या कमाईचा कायदा केला. तरी १९७८ ते १९८६ या काळात ‘डिफरंट स्ट्रोक्स’मधून घराघरांत पोहोचलेल्या गॅरी कोलमनला १९८९ मध्ये पुन्हा आईवडिलांवरच दावा लावावा लागला. कोलमनची गोष्ट पैशापलीकडेही जाते. मूत्रपिंडाच्या आजारामुळे आणि उपचारांमुळे त्याची वाढ खुंटली आणि तो आयुष्यभर ठेंगणा राहिला. लोकांना त्याच्यात मालिकेतला आठ-दहा वर्षांचा अर्नोल्डच दिसत राहिला आणि लोक त्याला भेटले की त्या भूमिकेतले गाजलेले एक वाक्य म्हणून दाखवायला सांगत. २०१० मध्ये बेचाळिसाव्या वर्षी तो गेला. एका माणसाचे दुखणे हेच त्याच्या प्रतिमेचे भांडवल झाले, आणि त्याच्यावर मनापासून प्रेम करणाऱ्या लोकांना आपण काय मागत आहोत हे कळले नाही. या विषयात याहून दुःखाचे काही नाही.

आता मूळ प्रश्न. पडद्यावरचे मूल आणि आजचा माणूस एकच का? ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात हाच प्रश्न राजा मिलिंद भिक्षू नागसेनाला विचारतो. औरंगाबादच्या, आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, नागसेनवनातले मिलिंद महाविद्यालय डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच दोघांच्या संवादाची आठवण ठेवून उभे केले. नागसेन राजाला उलट विचारतो, पाळण्यात उताणे पडलेले कोवळे मूल आणि आजचे तुम्ही एकच आहात का? राजा नाही म्हणतो. मग नागसेन दाखवतो की तसे असेल तर राजाला आई नाही, बाप नाही, गुरू नाही. विद्या एकाने शिकली आणि विद्वान दुसराच झाला, गुन्हा एकाने केला आणि हात दुसऱ्याचेच तोडले गेले, असे म्हणावे लागेल. त्याचे स्वतःचे उत्तर असे की तो तोच नाही आणि दुसराही नाही. रात्रभर तेवणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत यांच्यात असते तसे सातत्य तेवढे आहे.

वेदान्ती याच्या विरुद्ध बाजूला उभे आहेत. त्यांच्या मते आत्मा एकच असतो आणि बालपण, तारुण्य, म्हातारपण त्याच्यावरून येऊन जातात. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात कृष्ण अर्जुनाला हेच सांगतो. ओळख कशी पटते हे समजावताना वेदान्ती देवदत्ताचे उदाहरण देतात. पूर्वी दुसऱ्या गावी पाहिलेला देवदत्त आज समोर दिसला की माणूस म्हणतो, हा तोच. या ओळखीत तेव्हाचे गाव, तेव्हाचे वय, तेव्हाचे रूप सोडावे लागते, आजचे गाव आणि आजचे रूपही सोडावे लागते. दोन्हींतले विरोधी ते बाजूला ठेवले की उरतो तो देवदत्त.

आत्म्याच्या प्रश्नावर या दोन दर्शनांचे शेकडो वर्षे भांडण झाले, तरी या विषयापुरते दोघांचे उत्तर एकाच ठिकाणी येते. बौद्ध म्हणतो, ते मूल आता नाही, फक्त त्याचा प्रवाह आहे. वेदान्ती म्हणतो, माणूस तोच आहे, पण तो तोच आहे हे म्हणायचे असेल तर त्याचे बालरूप सोडूनच म्हणता येईल. आजच्या माणसाकडे कालचे रूप मागण्याचा आधार दोन्हींपैकी कोणीच देत नाही. आणि दोघांच्याही हिशेबात त्या मुलाच्या कष्टाचे फळ आजच्या माणसाचेच ठरते, कारण सातत्य तुटलेले नाही. नागसेनाने राजाला आईबाप आणि गुरू यांचे जे उदाहरण दिले, तेच कमाईला लागू पडते. ज्याने कुशाचे संवाद पाठ केले, दिव्यांच्या तापात वल्कले नेसून उभा राहिला, त्याच्या कामाचे श्रेय, मोबदला आणि सन्मान यांवर हक्क सांगणारा आज कोणी असेल तर तो हा प्रौढ माणूस आहे. म्हणजे हे सातत्य एका बाजूने हक्क देते आणि दुसऱ्या बाजूने देत नाही. माणसाला ते त्याच्या बालपणाच्या कामाचा धनी करते, पण प्रेक्षकाला त्या माणसाचा धनी करत नाही. प्रेक्षकाने जे दिले ते काव्यशास्त्राच्या हिशेबाने रूपाला दिले होते आणि रसाच्या रूपाने त्याच क्षणी परत मिळवले होते. त्याची बाकी काही उरलेली नाही.

पडद्यावरच्या रूपाशी असलेले नाते स्वतःहून तोडण्याचा प्रयत्न काही बालकलाकारांनी केला आणि त्यांतल्या काहींनी धर्माचा आधार घेतला. ‘टू अँड अ हाफ मेन’ या अमेरिकन मालिकेत लहानपणापासून काम करणारा अँगस टी. जोन्स २०१२ मध्ये, एकोणीस वर्षांचा असताना, ख्रिस्ती श्रद्धेचा हवाला देऊन लोकांना म्हणाला की ही मालिका पाहू नका. पुढे तो तिच्यातून बाहेर पडला. त्याच्या बोलण्यातली आगपाखड अनेकांना खटकली. पण ज्याच्या चेहऱ्याचे विसर्जन इतर कोणी करत नाही, त्याला ते स्वतःच आणि रागानेच करावे लागते, हेही त्यातून दिसते. प्रतिमेला विधिपूर्वक निरोप द्यायची रीत असती, तर तिला पापी ठरवायची गरज पडली नसती.

भारतात कायद्याने थोडे काम केले आहे. २०१६ च्या दुरुस्तीने बालमजुरीवर बंदी आणताना दृक्‌श्राव्य मनोरंजनातल्या बालकलाकारांना अटींवर सूट दिली आणि २०१७ च्या नियमांनी त्या अटी ठरवल्या. दिवसाला पाच तासांहून अधिक काम नको, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून अधिक नको, सलग सत्तावीस दिवसांहून अधिक नको. कामाआधी जिल्हा दंडाधिकाऱ्याची परवानगी हवी. मुलाच्या इच्छेविरुद्ध काम नको. कमाईचा निदान वीस टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे मुदत ठेवीत जमा व्हायला हवा. वीस सर्गांची मर्यादा घालून देणाऱ्या वाल्मीकींना हे नियम पटले असते. पण हे सगळे काम चालू असतानाच्या दिवसांपुरते आहे. मुलाचे रूप पुढे वीस-तीस वर्षे फिरत राहील, त्याचे काय, याचा विचार त्यांत नाही.

फ्रान्सने १९ ऑक्टोबर २०२० रोजी केलेल्या कायद्यात एक पाऊल पुढे टाकले. आंतरजालावरच्या चित्रफितींत झळकणाऱ्या मुलांना त्या काढून टाकण्याची मागणी करण्याचा हक्क त्याने दिला आणि ती मागणी मूल आईवडिलांच्या परवानगीविना स्वतः करू शकते. हे कायद्याच्या भाषेतले विसर्जनच आहे. मात्र घरगुती चित्रफितीला लागू पडणारी ही तोड मालिकेला लागू पडत नाही. ‘मालगुडी डेज’मधून स्वामी पुसला तर १९९० मध्ये अपघातात गेलेल्या शंकर नाग यांचे काम पुसले जाते, कार्नाडांचे पुसले जाते, आगुंब्याचा पाऊसही जातो. रूप अनेकांनी मिळून घडवलेले असते, म्हणून एकाच्या मागणीवर ते बुडवता येत नाही. उत्तरपूजेत मात्र मूर्ती फोडावी लागत नाही. तिच्यातल्या देवाला मानाने मोकळे करायचे असते. पुनःप्रक्षेपणाच्या उत्पन्नात बालकलाकाराचा वाटा कायद्याने ठरवणे, जुनी मालिका पुन्हा दाखवताना त्याला आधी कळवणे, तिच्या प्रचारासाठी त्याला ओढायचे की नाही हे त्याच्यावर सोडणे, मुलाखतीत त्याच्या आजच्या कामाविषयी विचारणे, रस्त्यात भेटला तर त्याला त्याच्या आजच्या नावाने हाक मारणे, एवढ्या गोष्टी तर वाहिन्या, वृत्तपत्रे आणि प्रेक्षक यांच्या हातात आजही आहेत.